आईची ठिपक्यारेघांची चित्रं सांभाळायची कशी

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी माळा आवरून घ्यावा म्हणून मी वर चढले. आईची सहा चित्रं तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून एकावर एक रचलेली होती. घराला रंग द्यायचा होता तेव्हा मीच ती ठेवली होती. माळ्याच्या वर थेट गच्चीचा स्लॅब, आणि नुकताच सरलेला इंदूरचा मे महिना. वरच्या चित्राचा कागद ओढला तर चर्र असा आवाज झाला. मोराच्या मानेवरचे अकरा ठिपके कागदाबरोबर उठून आले. त्यांच्या जागी कॅनव्हासचे पांढरे गोल उरले, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढा. बाजूच्या निळ्या रंगावर कुठल्याशा जाहिरातीची उलटी अक्षरं उमटली होती.

आईने चित्र मांडीवर घेतलं, त्या गोलांवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "बाकीची पाच बघितलीस का?"

बाकीची पाच बघताना, आणि नंतरच्या वर्षभरात घरातली नव्वदेक चित्रं एकेक करून हाताळताना जे शिकले, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी आईची, वडिलांची, सासूबाईंची अशी बारीक कामाची ॲक्रिलिक चित्रं पलंगाखाली किंवा कपाटामागे आहेत, त्यांच्यासाठी.

आधी रंगाचा स्वभाव

आई पूर्वी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसणं बंद झालं, तेव्हा तिने रांगोळी टेबलावर घेतली. आधी कागद, मग हार्डबोर्ड, मग कॅनव्हास. माहेश्वरी साडीच्या काठावरची चटाई, ईंट, हिरा ही नक्षी ती रेघांनी भरते आणि रेघांच्या दोन्ही अंगांनी ठिपके बसवते. अठरा बाय चोवीस इंचांच्या एका चित्राला तिला दीड-दोन महिने लागतात.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲक्रिलिकचं चिकट द्रव्य आणि त्यात रंगाची पूड. पाणी उडून गेलं की चिकट द्रव्याचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. पातळ रेघ अर्ध्या तासात हाताला कोरडी लागते. फुगीर ठिपक्याची गोष्ट वेगळी. त्याची साल लगेच धरते, पण पोट आठवडेच्या आठवडे ओलसर राहतं.

आणि पूर्ण सुकल्यावरही हा पापुद्रा काचेसारखा टणक होत नाही. घरातल्या नेहमीच्या उष्णतेत तो किंचित मऊच राहतो, उन्हाळ्यात जास्त मऊ होतो. त्यामुळे धूळ त्यात रुतते, कागद चिकटतो, दोन चित्रं समोरासमोर ठेवली तर एकमेकांना धरून बसतात. थंडीत उलटं होतं. तापमान पाच-सात अंशांवर उतरलं की तोच पापुद्रा ठिसूळ होतो, अशा वेळी कॅनव्हास गुंडाळला तर तडा जाऊ शकतो.

सपाट चित्रात हा मऊपणा खपून जातो. ठिपक्यांच्या चित्रात खपत नाही, कारण ठिपका पृष्ठभागाच्या वर आलेला असतो आणि जे काही टेकतं ते आधी त्यालाच टेकतं. म्हणून आमच्या घरात आता एकच नियम आहे: चित्राच्या तोंडाला काही टेकू द्यायचं नाही. पुढे लिहिलेलं सगळं याच नियमातून निघालेलं आहे.

चित्रं खाली काढताना

एक मोठं टेबल किंवा दिवाण रिकामा करा आणि त्यावर धुतलेली सुती चादर अंथरा. हात धुऊन कोरडे करा, बांगड्या आणि अंगठ्या काढा. कॅनव्हास दोन्ही हातांनी मागच्या लाकडी पट्ट्यांना धरून उचला. चार बोटं पट्टीच्या आत घालून उचलायची सवय सगळ्यांना असते, पण बोटांनी कॅनव्हास मागून ढकलला जातो आणि समोर उंचवटा येतो. धरायचं ते फक्त बाहेरच्या कडेला.

कागद चिकटलेला असेल तर ओढू नका. ओले फडके लावून सोडवायचा मोह होतो, तोही टाळा, पाण्याने ठिपक्याचा रंगच सैल होतो. चित्र गार खोलीत आणा. आम्ही एसी लावून खोली वीस अंशांवर आणली, दोन-तीन तास थांबलो, मग कडेपासून अगदी आडवा, चित्राशी जवळजवळ समांतर असा कागद मागे परतवत गेलो. रंग गार झाला की त्याची पकड सैल होते. कुठे ठिपका हलताना दिसला की तिथेच थांबायचं आणि तेवढा कागद कात्रीने कापून ठेवायचा. ठिपक्यावर कागदाचा कपटा राहिलेला चालतो, कागदावर ठिपका गेलेला चालत नाही. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून घट्ट चिकटली असतील तर ती तशीच राहू द्या आणि चित्रांचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

धूळ झाडायला नवा, रुंद, मऊ केसांचा ब्रश घ्या. चित्र उभं धरून किंचित पुढे झुकवा, म्हणजे झाडलेली धूळ खाली पडते, ठिपक्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसत नाही. ब्रश वरून खाली, हलक्या हाताने. फडकं वापरू नका, त्याचे धागे ठिपक्यांत अडकतात. ओलं पुसणं तर नकोच.

फोटो

कामं करायची त्यात हे लगेच करा, दुरुस्ती आणि फ्रेमच्याही आधी. चित्राला उद्या काही झालं तर मूळ कसं होतं याचा पुरावा एवढाच असतो.

स्कॅनरवर चित्र कधीही पालथं घालू नका. स्कॅनरची काच म्हणजे पुन्हा तोंडाला टेकणं, आणि वर झाकणाचं वजन. मोबाईल पुरेसा आहे. श्रावणातला ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. एरवी उत्तरेची खिडकी किंवा सावलीतला व्हरांडा, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला. चित्र भिंतीला सरळ उभं करा, पाच-सहा फूट मागे जा आणि दुप्पट झूमवर घ्या. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलं की काठाच्या सरळ रेघा बाहेर फुगलेल्या दिसतात, आणि आईने फूटपट्टीशिवाय सरळ ओढलेल्या रेघेवर तो अन्याय आहे. मोबाईलच्या पडद्यावर चौकटीच्या रेघा लावून घ्या, फ्लॅश बंद ठेवा. चित्राशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली की रंगांचा पिवळेपणा नंतर दुरुस्त करता येतो.

प्रत्येक चित्राचे निदान चार फोटो हवेत. पूर्ण चित्र, मागची बाजू, फूटपट्टी ठेवून जवळून घेतलेला एक तुकडा (फूटपट्टी कडेला, रंगावर नाही), आणि चौथा तिरप्या उजेडातला. चौथ्यासाठी खोलीत अंधार करा आणि टेबललॅम्प चित्राच्या एका कडेला, जवळजवळ सपाट कोनात ठेवा. प्रत्येक ठिपक्याची सावली पडते. हा फोटो मी पहिल्यांदा घेतला तेव्हा मला दिसलं की आईचे ठिपके गोल नाहीत. प्रत्येकाला उजवीकडे वर एक बारीक शेंडी आहे, जोंधळ्याच्या पिठाच्या उंड्यावरून बोट उचलताना येते तशी. हात उचलायची तिची ती ओढ आहे. चौदा वर्षांच्या सगळ्या चित्रांत शेंडी त्याच दिशेला आहे.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक तपशील दाबले जातात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

वही

हे काम वेळ खातं, आणि मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. खजुरी बाजारातून एक जाड, शिवलेल्या बांधणीची वही आणली. प्रत्येक चित्राला एक पान. वर क्रमांक, मग नाव, वर्ष, मापं (आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये), कशावर काढलं, कुठले रंग, कुठली अवजारं. तोच क्रमांक चित्राच्या मागे लाकडी पट्टीवर मऊ शिसपेन्सिलीने. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटू शकते आणि टोकाचा दाब समोर दिसतो.

माहिती विचारायला समोर बसू नका, शेजारी बसा आणि आईच्या हातात काम असू द्या. "तू ठिपका कसा देतेस?" या प्रश्नाला आईचं उत्तर होतं, "देते तसा." पण काम चालू असताना तिने जे सांगितलं त्याने वहीची बावीस पानं भरली.

रंगाच्या दाटपणाला तिची मापं स्वयंपाकघरातली आहेत. लांब रेघेला रंग कढीसारखा हवा: ब्रशवरून ओघळेल, पण पाण्यासारखा पळणार नाही. सपाट ठिपक्याला घट्ट साईच्या दह्यासारखा. फुगीर ठिपक्याला श्रीखंडासारखा, काडी उचलली की शेंडी उभी राहून हळूच बसेल असा. पातळ करायला ती नुसतं पाणी फार घालत नाही. जास्त पाण्याने रंगातलं चिकट द्रव्य विरळ होतं आणि सुकल्यावर ठिपका खडूसारखा भुसभुशीत निघतो. ती ॲक्रिलिक मीडियम (रंगाची पूड नसलेलं तेच चिकट द्रव्य) घालते आणि पाण्याचे थेंब मोजून.

अवजारं: ठिपक्यांना विणायच्या सुया, तीन जाडीच्या. त्याहून बारीक हवा तर टाचणीचं डोकं पेन्सिलीच्या खोडरबरात खोचून. रेघेला शून्य नंबरचा लांब केसांचा ब्रश, आणि फुगीर रेघेला मेंदीचा कोन. एकदा सुई बुडवली की सहा ठिपके पडतात आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान होतो. ती हे टाळत नाही, वापरते. मोराच्या पिसाचा उतरता क्रम तिने मोजून काढलेला नाही, तो संपत जाणाऱ्या रंगाचा क्रम आहे. सगळे ठिपके सारखे हवे असतील तेव्हा मात्र दर ठिपक्याला सुई बुडवते आणि दर दहाव्याला पुसते.

रेघ ओढताना करंगळी कॅनव्हासला टेकलेली असते आणि मनगट हलत नाही, कोपर हलतं. श्वास सोडताना ओढते. ओल्या रेघेशेजारी लगेच ठिपका देत नाही, दोन्ही एकमेकांत ओढले जातात. म्हणून ती एका दिवशी फक्त रेघा करते. ठिपके दुसऱ्या दिवशी, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, म्हणजे हात ओल्यावर जात नाही. आणि मला एकदा म्हणाली, "ठिपके काय बघतेस, मधली जागा बघ. जागा सारखी राहिली की ठिपका लहानमोठा झाला तरी डोळा माफ करतो." हे मी तारखेसह लिहून ठेवलं आहे.

यातलं जे शब्दांत बसत नाही त्याचा व्हिडिओ काढा. मोबाईल खांद्यावरून खाली हाताकडे रोखलेला, दहा मिनिटं, मध्ये न बोलता.

वहीत "प्रकार" असा रकाना असेल तर जपून भरा. ठिपके आणि रेघा दिसल्या की लोक सर्रास "गोंड पेंटिंग" म्हणतात. गोंड चित्रकला मंडला-दिंडोरीकडच्या परधान गोंडांची. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी ती कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, आणि २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इंदूरच्या जवळचा झाबुआ भिल्लांचा, आणि ठिपके हा तर भिल्ल चित्रांचा जीवच. तिथल्या पिटोल गावच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या ठिपक्यांमागे त्यांच्या समाजाची पिढ्यांची समज आहे. आईने त्यांची कामं आदराने पाहिली आहेत, पण तिचा ठिपका रांगोळीतून आला आणि रेघ साडीच्या काठातून. वहीत आम्ही तेच लिहिलं. आपल्या इंदूरचेच ना. श्री. बेंद्रे यांनीही उत्तरायुष्यात ठिपक्याठिपक्यांनी चित्रं रंगवली. प्रत्येकाचा ठिपका वेगळ्या वाटेने येतो, ती वाट नोंदवायची.

चित्र कुणाला दिलं किंवा विकलं तर तेही वहीत लिहा. विकत घेणाऱ्याला चित्र मिळतं, त्याच्या छापील प्रती काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. लेखी करार करून दिला नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो: आपल्या कायद्यानुसार हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं.

वॉर्निश: घाई नको

दुकानात गेलं की आधी वॉर्निशची बाटली पुढे येते. लावायलाच हवं असं नाही. काचेमागे जाणाऱ्या चित्राला मी लावत नाही.

लावणार असाल तर आधी एक चाचणी. इयरबड पाण्यात बुडवून पिळा आणि प्रत्येक रंगाच्या रेघेवर, कोपऱ्यात, जेमतेम टेकवा. बडावर रंग आला तर ती रेघ ॲक्रिलिकची नाही, स्केचपेन किंवा जेलपेनची आहे. आईच्या सुरुवातीच्या अकरा चित्रांत काळ्या रेघा जेलपेनच्या निघाल्या. त्यांवर ब्रशने वॉर्निश फिरवलं असतं तर सगळी नक्षी फराटली असती. अशी चित्रं उजेडातही लवकर उडतात, म्हणून ती भिंतीवर न लावता फोल्डरमध्ये ठेवली.

बाकीच्यांना शेवटच्या ठिपक्यानंतर निदान महिना-दीड महिना जाऊ द्या, पावसाळा असेल तर दोन. वॉर्निश नंतर काढता येईल असंच घ्या, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. त्याखाली ॲक्रिलिक ग्लॉस जेलचा एक पातळ थर द्या, दोन भाग जेल आणि एक भाग पाणी. पुढे कधी वॉर्निश काढावं लागलं तर रंगाला धक्का लागत नाही. फुगीर ठिपक्यांवर ब्रशने दिलं की ठिपक्यांच्या मुळाशी वॉर्निश साचतं आणि दुधाळ कडं दिसतं, त्यामुळे स्प्रे बरा. दोन-तीन विरळ हात, उघड्या हवेत, कोरड्या दिवशी. मॅट वॉर्निश गडद काळ्या-निळ्यावर राखाडी झाक आणतं, म्हणून आधी एखाद्या तुकड्यावर करून बघा.

फ्रेमवाल्याला काय सांगायचं

तुळशीवृंदावनाचं एक चित्र आम्ही एका फ्रेमवाल्याकडे दिलं होतं. त्याने काच थेट चित्रावर बसवली. सफाईदार काम दिसलं, पैसे दिले, भिंतीवर लावलं. दोन उन्हाळे गेल्यावर काचेच्या आतून ठिपक्यांभोवती ओलसर कडी दिसू लागली: ठिपके काचेला चिकटले होते. ते चित्र अजून तसंच आहे, उघडायची हिंमत आम्ही केलेली नाही.

म्हणून दुकानात हे शब्द वापरा: "काच आणि चित्र यांच्यात अंतर हवं, कडेने स्पेसर टाका." सगळ्यात उंच ठिपक्यापेक्षा अंतर निदान दुप्पट असावं, आम्ही सहा मिलिमीटर ठेवतो. कागदावरच्या चित्राला जाड माउंटने काम भागतं, पण माउंटचा पुठ्ठा आम्लमुक्त मागा आणि चित्र मागून सेलोटेपने किंवा फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नका. कॅनव्हासला काच नसलेलीही चालते. त्यासाठी अशी चौकट सांगा की चित्र आत बसेल, चारी बाजूंनी बोटभर फट राहील आणि चौकटीची कड ठिपक्यांपेक्षा पुढे येईल. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं गेलं तरी चौकट टेकते, ठिपका नाही.

चित्र दुकानात ठेवून यायचं असेल तर फोटो आधी काढलेला असू द्या, आणि काम चालू असताना एकदा जाऊन बघा. बबलरॅपमध्ये थेट गुंडाळू देऊ नका. बुडबुड्यांचे गोल रंगावर उमटतात आणि जात नाहीत.

भिंत आणि कपाट

पश्चिमेच्या उन्हाची भिंत नको. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत नको. देवघराशेजारची जागा मन मागतं, पण समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर या मऊ रंगात मुरतो आणि पुसून निघत नाही. आमच्याकडे गणपतीचे दहा दिवस त्या खोलीतलं चित्र आतल्या खोलीत जातं. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते.

न लावलेली चित्रं उभी ठेवायची, पुस्तकांसारखी, जमिनीपासून चार बोटं वर फळीवर. प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे घडी घातलेले कोपरे, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये फट राहते. कागदावरची चित्रं आडवी चालतात, पण वजन न ठेवता आणि मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालून. बटर पेपर या नावाने साधा कागदही विकतात. चिकटपट्टी लावून बघा: पट्टी अलगद सुटली तर कागद कामाचा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या जातीच्या वस्तूंना मानवत नाही आणि ॲक्रिलिक त्याच जातीचं. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या आवराआवरीत, प्रत्येक चित्र बाहेर काढून मागून बघा: लाकडाला वाळवी, कागदाला कसर, कॅनव्हासला बुरशीचे ठिपके. माळा मात्र कायमचा बंद.

निघालेले ठिपके

चित्रकार स्वतः घरात असेल तर दुरुस्ती त्याच्याच हाताने होऊ द्या, आणि करायची की नाही हेही त्यालाच ठरवू द्या. माझ्या हातात सुई होती, रंगही मिसळून ठेवला होता. आईने सुई काढून घेतली.

जुनी निळी ट्यूब संपली होती. नव्या निळ्यात तिने थोडा जांभळा मिसळला, हार्डबोर्डच्या तुकड्यावर पाच ठिपके देऊन सुकू दिले, कारण ॲक्रिलिक सुकल्यावर एक छटा गडद होतं. दुसऱ्या दिवशी उन्हात नेऊन जुन्याशी ताडून पाहिले. पाचही जुळले नाहीत. त्यातला सगळ्यात जवळचाही तिने घेतला नाही, उलट किंचित उजळ निळा निवडला आणि मोराच्या मानेवर अकरा ठिपके दिले. वर्तमानपत्राची उलटी अक्षरं तिने झाकली नाहीत. वहीत चौतिसाव्या पानावर तिच्या अक्षरात नोंद आहे: "मोर. मानेवर ११ ठिपके नवे. निळा वेगळा ठेवला आहे, कळावा म्हणून."